बिनफुलांची वाडी

पोर्चच्या भिंतीत पुन्हा नेचे उगवले आहेत. मीटरच्या पेटीखाली प्लास्टरला एक बारीक भेग आहे, तिथून बोटभर लांबीची कातरलेली पानं बाहेर आली आहेत आणि त्यावरून आमच्या घरात दोन पक्ष पडले आहेत. आमचे हे पाटबंधारे खात्यात होते. जन्मभर कालव्यांच्या गळत्या शोधल्या, आता घराच्या शोधतात. "नेचा दिसला म्हणजे आत पाणी मुरलंय," असं म्हणतात आणि खरवडायची पट्टी हातात घेऊन भिंतीसमोर उभे राहतात. मग मी मध्ये उभी राहते. "पाऊस संपू दे, मग काय ती भिंत खरवडा," म्हणते. दर पावसाळ्यात आमचं हे एवढं भांडण ठरलेलंच.

भेगेची मला काळजी नाही असं मुळीच नाही. मला सगळ्याचीच काळजी असते. गॅस बंद केला का, टाकीचं झाकण लावलं का, वरच्या मजल्यावरच्या बाईंचा खोकला अजून का जात नाही. माझी मुलगी सई म्हणते, "आई, तू विमा कचेरीतून रिटायर झालीस, पण काळजीच्या खात्यात तुला एक्स्टेन्शन मिळालंय." म्हणू दे. ज्या पावसाळ्यानं मला हे एक्स्टेन्शन दिलं, तो तिनंही माझ्याबरोबरच काढला आहे. भिंतीत ती पानं दिसली की तो सगळा पावसाळा पुन्हा पहिल्या दिवसापासून आठवतो.

दोन वर्षं झाली त्याला. आषाढात सई पुण्याहून आमच्याकडे विचुंब्याला आली, ती गाडीच्या मागच्या सीटवर आडवी होऊनच. जावई इतक्या हळू गाडी चालवत होता की घाटात ट्रकसुद्धा पुढे निघून गेले म्हणे. दिवस राहिले होते आणि डॉक्टरबाईंनी गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला होता. उठायचं ते फक्त बाथरूमपुरतं, बाकी डाव्या कुशीवर पडून राहायचं. आदल्या वर्षीचं एक गेलं होतं. ते पाचवा लागता लागता गेलं. आमच्या घरात त्याविषयी कुणी बोलत नव्हतं आणि कुणाच्या मनात दुसरं काही नव्हतं.

तिला मागची खोली दिली. शांत म्हणून दिली, पण ती खोली उत्तरेची. ऊन नाही. खिडकीतून दिसणार काय, तर कंपाउंडची भिंत आणि पलीकडे अर्धवट बांधलेल्या इमारतीवरची हिरवी जाळी. पोर दिवसभर त्या जाळीकडे बघत पडायची. मला बघवेना. मी पुढच्या अंगणातली जास्वंदाची कुंडी ओढत ओढत नेऊन तिच्या खिडकीत ठेवली. भरगच्च कळ्या होत्या. म्हटलं, निदान काही लाल तरी दिसेल.

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन गेले तर म्हणाली, "आई, ती कुंडी उचल."

"का गं? मुंग्या झाल्या का?"

"कळ्या गळतायत तिच्या. मी मोजत बसते. गेल्या वेळी बाल्कनीत मोगरा होता ना, तेव्हाही मी मोजत होते." मग तिनं भिंतीकडे तोंड केलं. डावी कूस सुटली म्हणून मला ओरडायचं होतं, पण ओरडले नाही. कुंडी उचलली आणि पोर्चमध्ये येऊन पायरीवर बसले. ह्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, कंबर धरली.

तर असं ते सुरू झालं. ज्याला कळी येत नाही, फूल येत नाही, ज्याचं काही गळून पडत नाही, असं झाड मला हवं होतं. गोव्याच्या रस्त्याला, पळस्प्याच्या पुढे रोपवाटिका आहेत. रिक्षा करून एकीत गेले. तिथला माणूस गुलाबांच्या रांगेकडे हात करून म्हणाला, "मॅडम, हा बारमाही फुलतो." मी म्हटलं, मला न फुलणारं दाखवा. तो म्हणाला, "लोक उलटं मागतात, मॅडम." मग मला मागे, हिरव्या कापडाखाली घेऊन गेला. तिथं दमट, मातकट वास होता आणि सगळीकडे नेचेच नेचे. तो त्यांना फर्न म्हणत होता.

स्थळ बघायला जावं तशी मी त्यांच्यापुढे बसले आणि चौकश्या केल्या. ऊन लागतं का? पंख्याचा वारा चालतो का? पाणी जास्त झालं तर रुसतो का? आजाऱ्याच्या खोलीत काही बाधत नाही ना? एका दिवसात निर्णय होईना. दोनदा परत गेले. ह्यांचं म्हणणं, "अगं, झाडच आहे, एक उचल आणि ये." ह्यांना काय जातंय म्हणायला! लग्नाआधी साडीसुद्धा ह्यांनी पहिली दिसली ती उचलली होती.

शेवटी खोलीसाठी घेतला तो पक्ष्याच्या घरट्यासारखा, रुंद, चकचकीत पानांचा. पान धुळीनं मळलं तर ओल्या फडक्यानं पुसता येतं आणि ऊन नसलं तरी कुरकुर करत नाही. पोर्चच्या कडीला टांगायला बोस्टन घेतला, त्याची पानं चहूबाजूंनी खाली लोंबतात. दार उघडं ठेवलं की सईला पलंगावरून त्याचं टोक दिसे. आणि खिडकीत ठेवायला, रोपवाटिकेतला माणूस नको नको म्हणत असतानाही, हंसराज घेतला. काळ्या, केसाएवढ्या बारीक काड्या आणि त्यांवर थरथरणारी नाजूक पानं. "फार नाजूक आहे, मॅडम. एक दिवस पाणी चुकलं की संपला." मला तोच हवा होता. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

सईला झाडं आवडली, असं काही ती बोलली नाही. पण जाळीकडे बघणं थांबलं. नेच्याचं नवं पान गुंडाळी करून येतं, लहानशी मूठ मिटलेली असावी तसं, आणि मग सावकाश उलगडतं. ती सकाळी हाक मारायची, "आई, घरट्यातल्याची एक मूठ उघडली." मी पोळपाट सोडून धावत जायचे. बघायचे मुठीकडे कमी आणि तिच्या चेहऱ्याकडे जास्त. चेहरा ठीक असला की पोळी करपली तरी चालायची.

एक दिवस घरट्याचं पान पुसताना ते उलटं झालं. मागच्या बाजूला तपकिरी रेघा, पट्टीनं आखाव्यात तशा, एकीशेजारी एक. दुसरं पान उलटलं, त्यालाही तेच. कीड! माझ्या लेकीच्या खोलीत कीड! मी साबणाचं पाणी केलं, कापसाचे बोळे केले आणि पलंगाशेजारी फतकल मारून एकेक रेघ खरडून पुसायला लागले. तोंडानं नर्सरीवाल्याचा उद्धार चालूच होता. सई मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होती. एकदम म्हणाली, "आई, थांब! थांब गं!"

"काय थांब? सगळ्या पानांना लागलंय."

"ती कीड नाहीये. बीजाणू आहेत ते. त्याला फूल नाही, बी नाही, त्याची पुढची पिढी पानाच्या पाठीवर असते." आणि हसायलाच लागली. "तू त्याची नातवंडं पुसतेयस!"

किती महिन्यांनी हसली होती! आणि मी काय केलं, तर ओरडले, "हसू नकोस! पोटाला ताण बसेल!" त्यावर ती अजूनच हसली. मला तिचं हसणं हवंही होतं आणि थांबायलाही हवं होतं. हातातला बोळा तसाच राहिला आणि मी देवाचं नाव घेत बसले. संध्याकाळपर्यंत चारदा विचारलं, दुखत नाही ना कुठं. शेवटी ती वैतागली.

हिरामावशी आल्या त्या याच सुमाराला. आमच्या इमारतीची जमीन मुळात त्यांची. शेती गेली, आता दोन बिल्डिंगा आणि मोठी गाडी आहे, पण पदर खोचून आंब्याखालचा पाचोळा स्वतःच गोळा करतात. सईला बघायला आल्या, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. मी म्हटलं, मावशी, वास नको तिला. पिशवी पोर्चमध्ये ठेवली आणि आत येऊन झाडांकडे बघत उभ्या राहिल्या.

"ह्यो कसला झाड गं? फूल नाय, फल नाय."

"नेचा आहे, मावशी. शोभेचा."

"शोभेचा ता हाय. पन पोटुशी बायचे समोर असा झाड आमी नाय ठेवीत." सईच्या देखत म्हणाल्या. मनात काही नव्हतं हो त्यांच्या, त्यांच्या जिभेला दार नाही एवढंच. पण त्या गेल्यावर सईनं माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

त्या दिवसानंतर माझ्या मनानं जे घेतलं ते घेतलंच. मी शिकलेली बाई. कचेरीत शनी-मंगळाच्या गप्पा निघाल्या की मी फाइल उघडायचे. पण रोज सकाळी खिडकीचा पडदा सारताना मी मनात म्हणायला लागले, हा हंसराज तगला तर ते तगेल. कधी म्हणायला लागले ते आठवत नाही. एकदा म्हटल्यावर परत घेता येईना. मग त्याची काय ती बडदास्त! कुंडीखाली ताटलीत खडे आणि पाणी. फवारणीची बाटली. ओल कमी झाली असेल म्हणून माती चाचपायची, ओल जास्त झाली असेल म्हणून पुन्हा चाचपायची. एखादं पान टोकाला तांबूस दिसलं की मी ताटावरून उठून पुन्हा माती चाचपायचे. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे आणखी एका इमारतीच्या पायासाठी सुरुंग लागले की काचा थरथरायच्या, हंसराज थरथरायचा आणि माझा हात आपोआप आधी कुंडीकडे जायचा. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. ह्यांना सांगितलं असतं तर ह्यांनी मला डॉक्टरकडे नेलं असतं.

हिरामावशी पुन्हा आल्या. या वेळी आंब्याच्या जाड फांदीचा तुकडा घेऊन, आणि त्याला बिलगलेलं बाशिंग. हाही नेचाच, पावसाळ्यात झाडाच्या खोडावर उगवतो, फणीसारखी मोठी पानं असतात. "ह्याला पन फूल नाय," मावशी म्हणाल्या. बहुतेक मागचं बोलणं त्यांना लागून राहिलं असावं. "पन आमचे आंब्यावर ऱ्हातो. आंबा दरवर्सी धरतो. ह्यो ठेव." मी तो बागेच्या पट्टीत, नळाजवळ बांधला. चला, एका नेच्यानं बिघडवलेलं दुसऱ्या नेच्यानं सावरलं, असं मला वाटलं. आता आठवलं की हसू येतं. त्या वेळी नव्हतं येत.

सातवा लागला. गणपती आले. आमच्याकडे दीड दिवसाचा, पण येणारेजाणारे होतेच. भाद्रपदात मध्येच पाऊस ओढ देतो आणि अंगातून घामाच्या धारा लागतात, तसं झालं होतं. ह्यांनी लेकीच्या मायेनं टेबलफॅन आणला आणि खिडकीत ठेवला. हंसराजाच्या तोंडाशी! मी मोदकांत, आरतीत, पाहुण्यांत. विसर्जन करून आलो, पडदा सारला, तर त्याच्या सगळ्या काड्यांवर पानं चुरगळलेल्या कागदासारखी झाली होती. हात लावला तर चुरा पडला. सईला झोप लागली होती. मी तशीच उभी राहिले. तिच्या पोटाकडे बघितलं, ते श्वासाबरोबर वरखाली होत होतं. तरी माझी खात्री पटेना.

ती उठायच्या आत मी कुंडी पदराआड बाहेर नेली आणि ह्यांना "दूर्वा विसरल्या" असं काहीतरी सांगून रिक्षात बसले. दूर्वा! विसर्जन झाल्यावर! तशाच मोठ्या कुंडीतला, तेवढ्याच उंचीचा हंसराज शोधला. घरी येऊन जुन्या कुंडीत बसवला. खडे, ताटली, पाणी, सगळं जिथल्या तिथं. वाळलेला गड्डा नळाशेजारी मातीत पुरला, फेकवेना म्हणून. देवाला फसवतेय की स्वतःला, याचा विचार केला नाही.

दुसरा दिवस उजाडला. मी खोलीत येऊन-जाऊन होते. चारच्या चहाला सई म्हणाली, "आई, हा तो नाहीये."

"कोण तो?"

"हंसराज. त्याची एक काडी माझ्याकडे वाकलेली होती. ह्याची नाही."

मी काहीतरी थाप मारणार होते. तेवढ्यात तिचा चेहरा बघितला. पांढरा पडला होता. "मेला ना तो?" म्हणाली. आणि मग हळूच, "मी त्याच्यावर लावलं होतं, आई. तो राहिला तर हे राहील, असं."

काय सांगू काय वाटलं! एवढे दिवस आम्ही दोघी एकाच काडीला धरून लोंबकळत होतो, तीही एकमेकींपासून चोरून. मी पलंगाच्या कडेला बसले आणि रडले. म्हटलं, "मीही गं. मीही तेच लावलं होतं." मग तिनं माझा हात घेतला आणि आपल्या पोटावर ठेवला. आत लाथ बसली. चांगली सणसणीत. पुन्हा एक बसली.

"तो मेला," सई म्हणाली, "आणि हे लाथा मारतंय."

"हो."

"मग आता ह्या सगळ्यांचं काय करायचं? मी उद्यापासून ह्या नवीन काड्यांवर लावीन. मला माहितेय मी लावीन. मग त्या बोस्टनवर. मला नकोय ते." मग म्हणाली, "तू माझी वाडी भरणार होतीस ना?"

आता वाडी म्हणजे सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला गर्भारशीला घालतात ते फुलांचे दागिने. हार, बाजूबंद, डोक्याला मुकुट. मी तो विषयच काढला नव्हता. फुलं तिला नको होती आणि आधी गाजावाजा करायची मला छाती नव्हती. गौरी जाऊ देत, म्हणत पुढे ढकलत होते. पुढे पितृपक्ष लागला की मग झालंच.

"फुलं नकोत तुला."

"फुलं नकोतच. ह्यांची कर. सगळे काप."

मी ज्यांचं एक पान मोडू दिलं नाही, कामवाल्या बाईला ज्यांच्या जवळून केर काढू दिला नाही, ते काप म्हणाली. मी म्हटलं, सई, वेडी आहेस का? म्हणाली, "आपणच आपल्या हातानं कापले की मग त्यांच्या जगण्यामरण्याचा काही अर्थ लागणार नाही. कात्री आण." डावी कूस न सोडता म्हणाली. लहानपणी इंजेक्शनच्या वेळीही ती अशीच, आधी रडून घ्यायची आणि मग स्वतःच दंड पुढे करायची.

पितृपक्ष लागायच्या आत डोहाळजेवण झालं. जावई आला, वरच्या खोकणाऱ्या बाई आल्या, हिरामावशी आल्या. सकाळी मी कात्री घेतली. पहिल्यांदा पोर्चमधला बोस्टन. पहिलं पान कापताना मी डोळे मिटले आणि कान मात्र आतल्या खोलीकडे लावले. हाक आली नाही. दुसरं कापलं. मग कापतच गेले. घरट्याची रुंद पानं कापली. नव्या हंसराजाच्या काड्या मुळाशी कापल्या, एकही ठेवली नाही. कुंडीत नुसती माती उरली. वरच्या बाईंनी सुतात हार ओवला. हंसराजाचे बाजूबंद झाले. कंबरपट्टा नको, म्हटलं, पोटाला काही बांधायचं नाही. हिरामावशींनी बाशिंगाची पानं कापून सईच्या डोक्याला मुकुट बांधला आणि मागे सरून बघितलं. "आगो, कशी दिसतंय माजी बाय! आमचे आंब्यावानी." सई आडवी होती, अंगावर सगळं हिरवं. आम्ही ओटी भरली. गाणी म्हणायला कुणाला धीर झाला नाही, पण पुरणपोळी सगळ्यांनी पोटभर खाल्ली. त्या रात्री पहिल्यांदा मी उठून तिच्या खोलीत डोकावले नाही. म्हणजे एकदाच डोकावले.

रेवा दिवाळीच्या आधी आली. थोडी घाईनं आली, पण खणखणीत रडत आली. कुंड्यांमधले नेचेही ओल होती तोवर पुन्हा फुटले, खोलीतले, पोर्चमधले, सगळे. नळाशेजारी पुरलेला तो जुना हंसराज मात्र उगवला बिगवला नाही. मी बरेच दिवस जाऊन बघत होते. तो मेला तो मेलाच.

कालपासून सई आणि रेवा इथं आहेत. पोरीला बारीक ताप आहे. दात येतोय, असं सई म्हणते. माझ्या मनात अर्थातच दहा रोगांची नावं येऊन गेली आहेत. सकाळी हे पट्टी घेऊन भिंतीशी उभे होते, मी मध्ये उभी होते, आणि आमच्या दोघांच्या पायांमधून रेवा पुढे गेली. भेगेतल्या नेच्याला एक नवी मूठ आलेली होती, अजून न उलगडलेली. तिनं ती चिमटीत धरली आणि ओढली. तट्कन तुटली.

जुनी खोड, कुठं जाणार! हात पुढे झाला तिला अडवायला, आणि तसाच थांबला. रेवानं ती मूठ माझ्यापुढे धरली. "आजी, पान." तिच्या कपाळाला हात लावला, कोमटच होतं. मी म्हटलं, "हो गं माझी बाय, पान. तोड, अजून तोड."